ओआरमध्ये पीएचडी की पुण्यातली नोकरी? सांगलीतून केलेली तुलना

गणपती पेठेत किराणा मालाचं घाऊक दुकान असलेले एक गृहस्थ गेल्या महिन्यात लेकीला घेऊन माझ्याकडे आले. लेक माझी जुनी विद्यार्थिनी. सांगलीत मेकॅनिकल केलं, मग गेट देऊन बाहेर एम.टेक. केलं. आता तिच्या हातात दोन पत्रं आहेत. एक पुण्यातल्या कंपनीचं, सप्लाय चेन प्लॅनिंगमधल्या नोकरीचं. दुसरं एका आयआयटीचं, ऑपरेशन्स रिसर्चमधल्या पूर्णवेळ पीएचडीचं. मी चार वर्षं पुण्यात याच कामाची नोकरी केली, नंतर पीएचडी केली आणि आता सांगलीत शिकवतो. दोन्ही घरचं पाणी प्यायलेला माणूस म्हणून ते आले होते.

वडिलांनी आधी विषयच विचारला. मिरजेच्या पाहुण्यांना ‘ऑपरेशन’ ऐकून दवाखान्यातलं काहीतरी वाटलं होतं. मी त्यांना उलट विचारलं, “पुराच्या दिवसांत दुकानातला माल तुम्ही कधी हलवता?”

“आयर्विनला पस्तीस फूट झालं की,” ते लगेच म्हणाले. “चाळीसची वाट बघत नाही. पस्तीसला हमाल मिळतात. चाळीस झालं की अख्ख्या पेठेला हमाल पाहिजे असतात.”

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माल उगाच हलवला तर हमाली जाते, पोती फुटतात, दोन-तीन दिवसांचा धंदा बुडतो. नाही हलवला आणि पाणी आलं तर साखर, गूळ, डाळी सगळं जातं. पाणी कुठवर चढेल हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं, तरी ठरवावं लागतं. पुढचं माहीत नसताना, मोजकी माणसं, मोजका पैसा आणि मोजका वेळ हाताशी असताना कसं ठरवायचं, याचं गणित म्हणजे आमचा विषय. आम्ही त्याला नुसतं ‘ओआर’ म्हणतो.

आणि दोन पत्रांमधला फरकही त्यांच्याच पस्तीस फुटांवरून सांगता येतो. कंपनीला ‘पस्तीस’ हा आकडा हवा असतो. तो बरा हवा, वेळेत हवा, आणि पुढच्या वर्षी परिस्थिती बदलली तर बदलून हवा. विद्यापीठात काम सुरू होतं ते ‘पस्तीसच का’ इथून. एकाच पातळीवर बोट ठेवणारा नियम पुरेसा आहे का? की कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, दुकानात किती माल आहे, हमाल किती आहेत, यावर आकडा हलायला हवा? कोणत्या परिस्थितीत ‘अमुक पातळी गाठली की हलवा’ हा साधा नियमच सगळ्यात चांगला ठरतो, आणि ते सिद्ध करता येईल का? पगार, वय, गाव हे सगळे प्रश्न खरे आहेत, पण यातल्या कुठल्या प्रश्नाशी तुम्ही दिवसचे दिवस बसू शकता, त्यावर बाकीचं बरंचसं अवलंबून आहे.

गुरुवार संध्याकाळ आणि तीन वर्षं

पुण्यात माझं काम ट्रकच्या सुट्या भागांचं होतं. कोणत्या डेपोत कोणता भाग किती ठेवायचा, हे दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं, कारण शुक्रवारी गाड्या भरायच्या. सुट्या भागांची मागणी विचित्र असते. चार महिने एकही जात नाही आणि पाचव्या महिन्यात एकदम सात जातात. अशा मालाचा साठा ठरवणं हा अनिश्चिततेतल्या निर्णयाचा अस्सल नमुना आहे, आणि तो रोज हातात यायचा. गुरुवारी मी काढलेला आकडा शनिवारी नागपूरच्या डेपोत पोचलेला असायचा. हे समाधान लहान नाही. आजही ते मला आठवतं.

पण एका पावसाळ्यात माझा नियम सपशेल चुकला. एका भागाची मागणी अंदाजाच्या कितीतरी वर गेली. साहेब म्हणाले, साठा वीस टक्के वाढवून टाक. कंपनीच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच होतं, गाड्या उभ्या राहून चालणार नव्हत्या. मला मात्र नियम का चुकला ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी वेळ कुणाकडेच नव्हता. वर्षभराने फेररचना झाली, आमचा गटच मोडला, आणि दोन वर्षांचं मॉडेल कुठल्यातरी सर्व्हरवर पडून राहिलं. मला ते बाहेर कुणाला दाखवताही येत नाही, करारच तसा होता.

पीएचडीत त्याच प्रश्नावर मी तीन वर्षं बसलो. मागणीची सरासरी आणि चढउतार तेवढे माहीत आहेत, बाकी तिची चाल कशी आहे काहीच माहीत नाही, तर साठा किती ठेवायचा? हर्बर्ट स्कार्फ यांनी १९५८ मध्ये या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर दिलं: त्या सरासरीत आणि त्या चढउतारात बसणारी सगळ्यात वाईट चाल नियतीने निवडली असं समजा, आणि त्यातही कमीत कमी मार बसेल एवढा साठा ठेवा. या विचाराचं आज मोठं झाड झालंय. कंपनीत मी या झाडाचं फळ वापरत होतो, पण मुळाशी कधी गेलो नव्हतो. मुळाशी गेल्यावर कळलं की माझा नियम चुकणारच होता, फक्त केव्हा एवढाच प्रश्न होता.

किंमतही सांगतो. त्या तीन वर्षांतले पहिले चौदा महिने माझ्या हाती काहीही लागलं नाही. रोज सकाळी तोच कागद. गुरुवारच्या संध्याकाळवर जगणाऱ्या माणसाला हे जड जातं. निकाल हाती आल्यावर पेपर पाठवला, तो परीक्षणात एकोणीस महिने राहिला, दोनदा दुरुस्तीला परत आला. या विषयातल्या चांगल्या नियतकालिकांत हे नेहमीचंच आहे.

कोयनेचा प्रश्न कोण घेणार

ओआर शिकणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या मुलांना मी नेहमी कोयनेचं उदाहरण देतो. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). जुलैच्या अखेरीला ते किती भरलेलं असावं? भरत आणलं आणि ऑगस्टमध्ये घाटात पाऊस कोसळला, तर दारं उचलावी लागतात आणि पाणी कराडमार्गे आपल्याकडे येतं. रिकामं ठेवलं आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर वर्षभराची वीज आणि उन्हाळ्यातलं पाणी दोन्हींना कात्री लागते. वीजघराची टर्बाइन जोरात चालवून पाणी पश्चिमेला, कोकणात, काढून टाकू म्हणावं, तर पाणी तंटा लवादाच्या निवाड्याने तिकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. सांगलीचा पूर एकट्या कोयनेवर ढकलता येत नाही हेही खरं. वारणा आहे, धरणांच्या खाली मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस आहे, नदीपात्राजवळची बांधकामं आहेत.

अशा प्रश्नाचं गणित रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात मांडलं, त्याला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. हंगामाच्या शेवटच्या दिवसापासून उलट्या दिशेने येत यायचं आणि दर दिवशी, दर पातळीला, किती पाणी सोडणं शहाणपणाचं ते काढायचं. एका धरणासाठी हे सरळ आहे. साठ्याच्या वीस पातळ्या धरल्या तर दर दिवशी वीसच अवस्था तपासायच्या. आता कोयनेच्या जोडीला धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि वारणा घ्या. सहा धरणांच्या मिळून अवस्था होतात ६ कोटी ४० लाख, आणि हे नुसतं साठ्याचं, पावसाचा अंदाज त्यात अजून आलेलाच नाही. अवस्थांच्या या फुगण्याला बेलमन यांनी मितींचा शाप म्हटलं. त्यातून वाट कशी काढायची, अंदाज किती दिवसांपलीकडे विश्वासाचा धरायचा, शंभरातल्या सगळ्यात वाईट पाच पावसाळ्यांना किती वजन द्यायचं, हे आजही जिवंत संशोधनाचे प्रश्न आहेत.

सल्लागार कंपनी असं काम घेते तेव्हा ते ठरावीक मुदतीचं असतं. सॉफ्टवेअर देते, प्रशिक्षण देते, पुढच्या कामाला लागते. त्या कामाला मी कमी लेखत नाही, दारं कधी उचलायची हे कुणीतरी ठरवण्याजोग्या रूपात आणावंच लागतं. दहा वर्षं त्याच नदीशी बसण्याची मुभा मात्र मला फक्त विद्यापीठात दिसते. मुभा असते, पण आकडे नसतात. तासातासाचे विसर्ग, दारांच्या नोंदी मिळवण्यात माझा एक विद्यार्थी अख्खं सत्र घालवून बसला. साखर कारखान्यांकडे ऊसतोडीचं वेळापत्रक मागायला गेलो तेव्हा तेच झालं. टोळ्या किती, कोणत्या गटात कधी तोड, गव्हाणीला गाड्या किती तास उभ्या, सगळं त्यांच्याकडे असतं. तोडलेल्या उसाचा उतारा दर तासाला घटतो, म्हणजे रांग कमी करणं हा सरळ पैशाचा प्रश्न आहे. तरी बाहेरच्या माणसाला वह्या कुणी सहज दाखवत नाही. कंपनीत हेच आकडे पहिल्या दिवशी तुमच्या लॅपटॉपवर असतात, फक्त त्यांच्याबद्दल बाहेर बोलता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायला हवी. धरणांवर लिहिलेला माझा एकही पेपर अजून कुठल्या धरणाच्या नियंत्रण कक्षात पोचलेला नाही. तो पोचावा यासाठी मी धडपडतो, पण पीएचडी करताना हे गृहीत धरू नका.

वडिलांना वाटत होतं की मोठं काम विद्यापीठातच होतं, कंपनीत नुसती हमाली. तसं नाही. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे मोजकी साधनं सगळ्यात फायद्याची कशी वाटायची याचं गणित, सोडवण्याची सिंप्लेक्स पद्धत काढली तेव्हा ते अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते, स्टॅनफर्डमध्ये ते १९६६ साली गेले. आयआयटी मुंबईत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये तेच गणित सोडवण्याची जी नवी रीत दिली, ती बेल लॅब्जमध्ये, म्हणजे एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत. मात्र त्या रीतीचं पेटंट कंपनीने घेतलं, आणि गणिताच्या रीतीवर पेटंट असावं का यावर बराच वाद झाला. कंपनीतल्या कामाची मालकी कुणाकडे जाते, हे तिथेही दिसतंच.

पैसा

१ जानेवारी २०२३ पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० आणि सीनिअर फेलोला ४२,००० रुपये आहेत. दोन वर्षं पहिला दर, तीन वर्षं दुसरा, असे पाच वर्षांचे बरोबर २४ लाख होतात. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर चित्र बदलतं: पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढची दोन ८०,०००. पाच वर्षांचे ४५ लाख. पण ती थोड्यांनाच मिळते, तिच्या भरवशावर घरचा हिशोब मांडू नये.

मुलीच्या हातातल्या नोकरीचा पगार साध्या फेलोशिपच्या अडीचपट होता. एक रुपयाची पगारवाढ धरली नाही तरी पाच वर्षांत ३१ लाखांहून जास्त फरक पडतो. ‘पस्तीसच का’ हे विचारण्याची ही किंमत आहे. ती कमी नाही आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर सगळी भरून निघेल असंही नाही. आयआयटीत सहायक प्राध्यापकाचं (ग्रेड एक) मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १,०१,५०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) वेतनश्रेणीतल्या महाविद्यालयात ते ५७,७०० पासून सुरू होतं. यावर माणूस चांगला जगतो, पण कंपनीत दहा वर्षं चढत गेलेल्या मित्राशी तुलना करत बसला तर सुखी राहत नाही.

माझं मत सरळ आहे. फेलोशिपवर एक माणूस हॉस्टेलमध्ये नीट राहतो, त्यावर घर चालत नाही. धाकट्या भावाची फी, आईचं औषध किंवा कर्जाचा हप्ता तुमच्या पगारावर असेल तर आत्ता नोकरी घ्या, आणि त्यात कमीपणा मानू नका. या मुलीच्या घरी तशी गरज नव्हती. वडिलांना धक्का बसला होता तो आकड्याचा, अडचणीचा नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात.

प्राध्यापकाची जागा मिळते का

इथे मात्र कुणी गोड बोललं तर विश्वास ठेवू नका. ओआर हा लहान विषय आहे. आयआयटी मुंबईत इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंग आणि ओआर एकत्र शिकवतात, दिल्ली विद्यापीठात ओआरचा स्वतंत्र विभाग आहे, भारतीय सांख्यिकी संस्था आहे, २०२३ मध्ये मुंबईच्या नीटीचं आयआयएम मुंबई झालं. यादी फार लांब जात नाही. पण या विषयाच्या माणसाला एकापेक्षा जास्त दारं असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तो इंडस्ट्रिअल इंजिनिअरिंगमध्ये अर्ज करू शकतो, आयआयएमच्या ऑपरेशन्स किंवा डिसिजन सायन्सेसच्या गटात करू शकतो, संख्याशास्त्रात करू शकतो, प्रबंध पाण्यावरचा असेल तर सिव्हिलकडेही बघू शकतो. म्हणून प्रबंधाचा विषय निवडतानाच विचार करावा, की हे काम किमान दोन प्रकारच्या विभागांना आपलं वाटेल का.

गावाकडे परत येऊन शिकवायचं असेल तर चित्र वेगळं. अनुदानित जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते. पीएचडीनंतर आईच्या आजारपणामुळे मी सांगलीला परतलो आणि दोन वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. तास झाला तर मानधन, सुट्टीत काही नाही, आणि झालेल्या तासांचे पैसे सहा-सहा महिन्यांनी. आयआयटीची पीएचडी असूनही. कायम जागा मिळाली तरी सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, शिवाय नॅकच्या फाइली, प्रवेशाची कामं, परीक्षा. आयआयटीत सत्राला एखाद-दुसरा विषय शिकवायचा असतो. दोन्हीकडच्या खुर्चीला ‘प्राध्यापक’ म्हणतात, पण संशोधनाला उरणारा वेळ अजिबात सारखा नसतो.

ज्यांना मुळात वर्गात उभं राहणं आवडतं, संशोधनाची ओढ नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच असं नाही. जुलै २०२३ मध्ये यूजीसीने नेट, सेट किंवा स्लेट ही पात्रता परीक्षा हीच किमान अट ठेवली. अभियांत्रिकीला चांगल्या वर्गातलं एम.टेक. चालतं. नुसतं शिकवण्यासाठी पाच वर्षं प्रबंधात घालवणाऱ्यांचा मला जीव तुटतो.

इथेच नोकरी धरून अर्धवेळ पीएचडी करायचा मार्गही बरेच जण विचारतात. नियमाने तो चालतो, संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. घर, शेती, म्हातारे आईवडील सोडता येत नसतील तर तो मार्ग आदराचाच आहे. पण या विषयात पहिली दोन वर्षं गणित सलग लागतं, संभाव्यता, कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस. दिवसाचे चार तास शिकवून रात्री अकराला ते होत नाही. मी तरी होताना पाहिलेलं नाही.

परदेशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत, जॉर्जिया टेक, कॉर्नेल, एमआयटी अशा ठिकाणी, पीएचडीला फी माफ असते आणि वर असिस्टंटशिप मिळते. म्हणजे कर्ज काढून जायचं नसतं, कर्ज काढावं लागत असेल तर ती जागा सोडा. प्राध्यापकीचा बाजार तिकडे मोठा आहे, पण व्हिसाची अनिश्चितता वाढली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला. आज जाणारी मुलगी २०३१ च्या सुमाराला नोकरी शोधेल, तेव्हा काय असेल ते आज सांगता येणार नाही. विषय आवडत असेल तर या एका कारणाने नाही म्हणू नका, आणि या एका आशेने जाऊही नका.

परत फिरायचं झालं तर

वडील म्हणाले, “सर, दोन्हीतलं एक चुकलं तर?”

हाच खरा प्रश्न, आणि विषयाकडे त्याला हत्यार आहे. लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये खेदाचा निकष मांडला. प्रत्येक निर्णयासमोर, परिस्थिती अशी निघाली तर किती खेद होईल, हे लिहायचं. मग ज्या निर्णयातला मोठ्यात मोठा खेद सगळ्यात कमी, तो घ्यायचा. मी मुलीला कागद दिला आणि चार चौकोन आखायला लावले.

पीएचडी घेतली आणि आवडली, खेद पैशाचा. पीएचडी घेतली आणि दोन वर्षांत कळलं की हे आपलं नव्हे, तर दोन वर्षं गेली. पण ओआरचा कोर्सवर्क केलेल्या मुलीला कंपन्या घेतात, कारण काम तेच आहे. माझ्या बरोबरचे तिघे असे मधेच बाहेर पडले, तिघेही चांगल्या जागी आहेत. नोकरी घेतली आणि आवडली, खेद नाही. नोकरी घेतली आणि ‘का’ हा प्रश्न सोडेना, तर परत यावं लागेल. या चौथ्या चौकोनापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो.

नियम आड येत नाहीत. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तो संपला तर पुन्हा देता येते. वाट अडते ती दुसऱ्याच गोष्टींनी. पहिली गाडी, मग फ्लॅटचा हप्ता. हप्ता सुरू झाला की ३७,००० चा आकडा बघवतसुद्धा नाही. दुसरी अडचण गणिताची. मी चार वर्षांनी परतलो तेव्हा रिअल ॲनालिसिस पुन्हा उभं करायला मला एक पूर्ण वर्ष लागलं, आणि वर्गातली तेवीस वर्षांची मुलं तेच एका महिन्यात करत होती. तिसरी, कंपनी वाईट नसते. चांगले लोक, चांगलं काम, बढती. माणूस तिथे दुःखी असेल तर परततो, बरा असेल तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहतो.

म्हणून माझा सल्ला दोन भागांत आहे. घरची गरज नसेल आणि ओढ खरी असेल तर आधी पीएचडीला जा, कारण त्या बाजूने बाहेर पडणं सोपं आहे. गरज असेल किंवा ओढीची खात्री नसेल तर नोकरी घ्या, पण तीन वर्षांची तारीख भिंतीवर लिहा, तोवर घरासाठी कर्ज काढू नका, आणि आठवड्याचे सहा तास गणिताला ठेवा. हे सहा तास दोन महिन्यांत गळून पडले तर ओढ नव्हती हे कळेल, तेही उत्तरच आहे.

वयाची गोष्ट वडिलांनी शेवटी काढली. “आमच्यात मुलीचं वय बघतात.” ती आता चोवीस, संपेपर्यंत एकोणतीस-तीस. लोक बोलतील, हे मी नाकारलं नाही. पण नियम माहीत असावेत: २०२२ च्या यूजीसी नियमांत मुलींना पीएचडीसाठी दोन वर्षांची जास्तीची मुदत आहे आणि २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा आहे. लग्न झालं म्हणून प्रबंध सोडावा लागत नाही. जिला सोडावा लागतो, तिला तो सासरमाहेरच्या माणसांमुळे सोडावा लागतो, आणि ती माणसं निवडायला वेळ हाताशी आहे, एवढं मी म्हणालो. मुलगी काही बोलली नाही, पण कागदावरचं पेन थांबलं होतं.

ओढ खरी आहे का, हे तपासणं

यासाठी प्रवेश घ्यायची गरज नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे या विषयाचे तास फुकट आहेत. पायथन आणि हाइज (HiGHS) नावाचा, अशी गणितं सोडवणारा मोफत सॉल्व्हर घ्या आणि आपल्याच भागातला एक प्रश्न धरा. तासगावकडे द्राक्षबागायतदार दरवर्षी ठरवतात की फळछाटणी आगाप घ्यायची की थांबायचं. आगाप घेतली तर माल लवकर निघतो आणि भाव चढा मिळण्याची आशा असते, पण परतीचा पाऊस सापडला की डाउनी रोग येतो, घड कुजतात. उशिरा घेतली तर पावसाचा धोका कमी, पण माल सगळ्यांच्या बरोबर बाजारात. बाग दोन तुकड्यांत विभागून दोन तारखांना छाटावी का? कोणत्या टप्प्यावर विभागणी फायद्याची ठरते? याच्यावर तीन महिने घालवा. उत्तर निघाल्यावर ‘झालं’ असं वाटलं, तर कंपनीत तुम्ही उत्तम काम कराल. उत्तर निघाल्यावर ‘पण हे असंच का निघालं’ म्हणून झोप उडाली, तर दुसऱ्या पत्राचा विचार करा.

आणि गाइड. संस्थेच्या नावापेक्षा गाइडचं नाव महत्त्वाचं, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मुलं आधी संस्थेचा क्रमांक बघतात. गाइडला विचारून उपयोग नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा. आधीच्या पाच जणांना किती वर्षं लागली, ते आज कुठे आहेत, आठवड्याला भेट होते की महिन्याला, आणि हाती काही लागत नव्हतं त्या दिवसांत गाइड कसे वागले. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण ते दिवस सगळ्यांनाच येतात.

मुलीने कंपनीकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, त्यांनी दिली. तिच्या होणाऱ्या गाइडच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर तिने मिळवले. एकाने साडेपाच वर्षांत पूर्ण करून प्राध्यापकी धरली आहे, तो तासभर बोलला. दुसरी तिसऱ्या वर्षी सोडून बेंगळुरूला नोकरीला गेली. ती म्हणाली, सोडल्याचा पश्चात्ताप नाही आणि गेल्याचाही नाही, फक्त पहिल्याच वर्षी गाइडला आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगायला हव्या होत्या. तिसऱ्याचा फोन अजून लागलेला नाही. काल संध्याकाळी वडिलांचा मला फोन आला. आयआयटीच्या हॉस्टेलमध्ये मुलींना स्वतंत्र खोली मिळते का, एवढंच विचारत होते.